अठरा भागिले सहा

जालना जिल्ह्याला अख्खा खासदार मिळाला पाहिजे, हे माझं मत पिंपळगाव रेणुकाईत पारावर बसणाऱ्या पोरासोरांनाही पाठ झालं होतं. शेती सांभाळून मी बरीच वर्षं तालुका वार्ताहर म्हणून बातम्या धाडल्या. मिरचीचे भाव, जुई धरणातलं पाणी, भोकरदन रस्त्यावरचे खड्डे हे लिहून झालं की मधूनच हा विषय डोकं वर काढायचा. १९ फेब्रुवारी २००८ पासून मतदारसंघांची नवी रचना लागू झाली. त्यात आमच्या जिल्ह्यातले परतूर आणि घनसावंगी हे दोन विधानसभा मतदारसंघ परभणी लोकसभेच्या यादीत होते. जालना लोकसभेच्या यादीत होते सिल्लोड, फुलंब्री आणि पैठण, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबाद, आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातले तीन. ‘जिल्ह्याचे तुकडे’ हा मथळा मला कुणी सुचवावा लागला नाही.

माझा युक्तिवाद ठरलेला असे. जिल्हाधिकारी एक, जिल्हा परिषद एक, पोलीस अधीक्षक एक, मग खासदार दोन का? शेजारच्या बीड जिल्ह्याचा खासदार अख्खा, आमचाच अर्धा का? एवढ्यावर कुणी गप्प बसला नाही तर मी हुकमाचं पान टाकायचो: अंबड. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत अंबड या नावाचा लोकसभा मतदारसंघच होता, हे नव्या लोकांना ठाऊक नसतं. ऐकणारा चाट पडायचा. मग मी म्हणायचो, बघा, आपल्या भागाला तेव्हापासून हक्काची जागा होती आणि ती आधी नावानं गेली, आता अंगानंही गेली.

आज मी त्या मताचा राहिलेलो नाही. आणि ते मत माझ्याकडून काढून घेतलं ते याच अंबडच्या पानानं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पहिल्यांदा ते अंबड काय होतं ते पाहू. १९५२ मध्ये जालना जिल्हाच नव्हता. तो झाला १ मे १९८१ ला, औरंगाबाद जिल्ह्यातले जालना, अंबड, भोकरदन, जाफ्राबाद आणि परभणी जिल्ह्यातला परतूर तालुका मिळून. महाराष्ट्रही नव्हता. आम्ही हैदराबाद राज्यात होतो. सप्टेंबर १९४८ मधल्या पोलीस कारवाईला जेमतेम साडेतीन वर्षं होत होती. ज्या मुलखात निजामाच्या अमलाखाली प्रौढ मताधिकार कुणी पाहिला नव्हता, तिथे लोक थेट दिल्लीसाठी मत द्यायला निघाले. हैदराबाद राज्याच्या वाट्याला लोकसभेच्या २५ जागा होत्या. त्यांतल्या मराठी मुलखातल्या जागा म्हणजे औरंगाबाद, अंबड, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. या यादीत अंबड वेगळं उठून दिसतं, कारण बाकीची सगळी जिल्ह्यांची नावं आहेत. अंबड हे औरंगाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मत्स्योदरी देवीचं, माशाच्या आकाराच्या टेकडीचं, अहिल्याबाई होळकरांच्या आठवणी जपणारं, पण तालुक्याचंच.

मी हे सगळं तोंडानं सांगत होतो आणि त्याचा अर्थ मात्र माझ्या लक्षात येत नव्हता. अंबडची जागा कोणत्याही जिल्ह्याची जागा नव्हतीच. माणसं मोजून आखलेला तो एक पट्टा होता आणि त्याला एका गावाचं नाव दिलं होतं. ज्याला मी जिल्ह्याच्या हक्काचा पुरावा म्हणून नाचवत होतो, त्याच्या जन्माच्या वेळी तो जिल्हा अस्तित्वातच नव्हता.

अंबडमधून काँग्रेसचे हनुमंतराव गणेशराव वैष्णव निवडून गेले. लोकसभेतल्या चर्चांच्या छापील नोंदींमध्ये सदस्याच्या नावापुढे कंसात त्याचा मतदारसंघ देण्याची पद्धत आहे, त्यामुळे पहिल्या लोकसभेच्या कागदपत्रांत वैष्णवांच्या नावाला अंबड चिकटून आहे. पण आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना मी विचारायचो तेव्हा त्यांना ना वैष्णव आठवत, ना अंबड. त्यांना आठवायची काँग्रेसची बैलजोडी. तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याची निशाणी चिकटवलेली, आणि आपण कोरी चिठ्ठी हव्या त्या पेटीत सोडायची. शिक्का मारण्याची रीत देशभर रुळली ती १९६२ च्या सुमारास. बैलजोडीच्या पेटीत चिठ्ठी टाकणाऱ्या माणसाला आपण कोणत्या गावाच्या नावाच्या मतदारसंघात आहोत याचं काहीही पडलेलं नव्हतं. मी याला त्यांचं अज्ञान समजायचो. वार्ताहराला असं समजायची सवय लागते.

त्या निवडणुकीचे आजूबाजूचे निकाल पाहिले तर आणखी गंमत दिसते. औरंगाबादला काँग्रेसचे सुरेशचंद्र आर्य, परभणीला शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे, बीडला लोकशाही आघाडीचे रामचंद्र परांजपे. आणि हैदराबाद मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ? ते निवडून गेले गुलबर्ग्याहून, कानडी मुलखातून. पुढच्या खेपेला, १९५७ ला, ते औरंगाबादचे खासदार झाले. तेव्हाच्या लोकांना आपला आणि परका हा हिशोब करायचाच असता तर त्यासाठी हवा तेवढा मसाला हजर होता.

आमच्या गावाचं तर विचारूच नका. भोकरदन तालुक्याची एक कड बुलढाणा जिल्ह्याला लागून आहे. धाडकडे आमच्या कितीतरी सोयरिकी. १९५२ ला ते व्याही मध्य प्रदेश राज्याचे मतदार होते आणि आम्ही हैदराबादचे. त्यांचा बुलढाणा-अकोला मतदारसंघ तर दोन खासदारांचा होता. त्या काळी काही जागा तशा असत, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, ते आणि आम्ही मुंबई राज्यात आलो. १९६० ला महाराष्ट्र, १९८१ ला जालना. एकाच वावरात, एकाच विहिरीवर उभ्या असलेल्या माणसानं चार पाट्या पाहिल्या. लेकीबाळींचं येणं-जाणं त्यातल्या एकाही पाटीनं अडलं नाही.

१९५७ च्या निवडणुकीत अंबडचं नाव गेलं आणि जालन्याचं आलं. याचं मी पूर्वी फार भांडवल करायचो. पण जालन्याचा पहिला खासदार कोण, तर सैफ तय्यबजी. मुंबईचे, बद्रुद्दीन तय्यबजींच्या घराण्यातले. पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत काँग्रेसचे गड ढासळत होते तेव्हा जालन्यानं मुंबईच्या एका काँग्रेसी गृहस्थाला दिल्लीला पाठवलं. ते लवकरच वारले. पोटनिवडणुकीत याच मतदारांनी शेतकरी कामगार पक्षाच्या अंकुशराव घारे यांना निवडलं. म्हणजे नाव जालना झालं म्हणून काँग्रेसची सोय झाली असंही नाही, आणि अंबड गेलं म्हणून कुणी रुसलं असंही नाही. लोक माणूस आणि वारा पाहून मत देत होते. मतदारसंघाच्या नावावर आसू गाळणारा मी, तोही पन्नास वर्षांनी.

मग मी एवढा का पेटलो होतो? इथे मनातलं बोललं पाहिजे, नाहीतर या लेखाला मनोगत म्हणू नये. आमचा भोकरदन तालुका हा खासदारांचा तालुका. १९७७ ला जनता पक्षाचे आणि १९८९ ला भाजपचे म्हणून निवडून आलेले पुंडलिक हरी दानवे इथले. १९९९ पासून सलग पाच वेळा निवडून गेलेले रावसाहेब दानवे इथले, जवखेड्याचे. मधल्या काळात बाळासाहेब पवार, अंकुशराव टोपे, उत्तमसिंग पवार होऊन गेले, पण ‘खासदारकी भोकरदनची’ ही आमची मनातली पाटी काही पुसली गेली नाही. पक्ष कोणताही असो. मी दोन्ही बाजूंना मत दिलेलं आहे. २००९ ला, नव्या रचनेच्या पहिल्याच निवडणुकीत, फुलंब्रीच्या बाजूचे कल्याण काळे आठ हजारांच्या आसपास मतांनी मागे राहिले आणि मी पारावर म्हणालो की हे बाहेरचे तालुके एक दिवस आपली जागा घेऊन जाणार. २०२४ ला काळे लाखाच्या वर मतांनी निवडून आले. त्या रात्री मला जे वाटलं त्यात जिल्ह्याच्या अखंडतेचा भाग फार थोडा होता. वाईट वाटलं ते तालुक्याचा मान गेल्याचं. ‘एक जिल्हा, एक खासदार’ या घोषणेच्या पोटात ‘आणि तो आमचाच’ हे तीन शब्द मी इतकी वर्षं गिळून ठेवले होते.

माझा एक मावसभाऊ घनसावंगी तालुक्यात ऊस करतो. एका लग्नात जेवणं झाल्यावर मी त्याच्यापुढे ही कैफियत मांडली. तुम्हा लोकांना परभणीला ढकललं, तुम्ही बोलत कसे नाही, वगैरे. तो सुपारी कातरत होता.

‘‘दादा, आमचं पाणी पैठणाहून येतं अन् पुढं परभणीला जातं,’’ तो म्हणाला. ‘‘तुमच्या भोकरदनाहून काय येतं आमच्याकडं? सांगा बरं.’’

मला पटकन काही सांगता आलं नाही. मिरची म्हणावं तर ती आमच्या बाजारातून परराज्यात जाते, घनसावंगीला नाही.

जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा. पैठणहून निघून तो आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण अंगानं अंबड, घनसावंगी, परतूरचा मुलूख भिजवत परभणी जिल्ह्यात उतरतो. त्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला, उसावर अंकुशनगरचा समर्थ कारखाना. पाळी कधी सुटणार, टेलपर्यंत पाणी पोचणार का, वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीत किती सोडणार, ही त्या लोकांची बारमाही चिंता, आणि परभणीवाल्यांचीही हीच. आमच्याकडचं पाणी पूर्णेच्या खोऱ्यातलं. केळना, जुई, धामणा या नद्या अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या अंगाखांद्यावरून येतात. आमची पिकं कापूस, मका, मिरची, सिल्लोडचीही तीच. सिल्लोडच्या शेतकऱ्याशी मी भावाबद्दल तासभर बोलू शकतो. कालव्याच्या पाळीवर मला दोन वाक्यं धड बोलता येणार नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजूर केलेला १७४ किलोमीटरचा जालना-जळगाव रेल्वेमार्गही भोकरदन-सिल्लोड-अजिंठा असाच जातो. मी ज्यांना बाहेरचे म्हणत होतो त्यांच्याशी माझं पाणी, पीक आणि उद्याची रेल्वे एक होती.

मावसभावाचा मुद्दा शंभर टक्के खरा धरायलाही मी तयार नाही. कालव्याचं तोंड ज्या पैठणात आहे ते पैठण जालना लोकसभेत आहे आणि कालव्याची शेपटी परभणीत. धरणाचा खासदार एक, कालव्याचा दुसरा. पाण्याप्रमाणे आखायचंच असतं तर हे असं झालं नसतं. तेव्हा पाणी हे काही सगळ्याचं उत्तर नाही. पण जिल्ह्याची हद्द हेच एकमेव उत्तर, हा माझा हट्ट त्या सुपारीबरोबर बराचसा कातरला गेला.

उरलेला गेला तो कागदावर. महाराष्ट्रात विधानसभेच्या २८८ जागा, लोकसभेच्या ४८. भागाकार सरळ सहा. विधानसभेचा मतदारसंघ पूर्णच्या पूर्ण एकाच लोकसभा मतदारसंघात बसला पाहिजे, हा कायद्याचा नियम. आपल्याकडे सहाचा एक गठ्ठा. आता बीड जिल्ह्यात विधानसभेच्या जागा किती? गेवराई, माजलगाव, बीड, आष्टी, केज, परळी. मोजून सहा. म्हणून त्यांचा खासदार अख्खा. यात बीडवर कुणाची मेहेरबानी नव्हती आणि जालन्यावर कुणाचा डूख नव्हता. आमच्या जिल्ह्यात जालना, बदनापूर, भोकरदन, परतूर, घनसावंगी, अशा पाच. पाचात सहा बसत नाहीत, बाहेरचा किमान एक घ्यावाच लागतो. ज्या २००१ च्या जनगणनेवर ही रचना झाली तिच्यात जालना जिल्ह्याची लोकसंख्या सोळा लाखांच्या थोडी वर होती आणि राज्यात एका खासदारामागे सरासरी वीस लाख माणसं येत होती. अख्खा खासदार मागायला आमच्याकडे तेवढी माणसंच नव्हती. हे मी एकाही बातमीत लिहिलं नव्हतं.

‘‘बरं, मग आमचे पाच आणि एकटा सिल्लोड घ्या,’’ असं मी स्वतःशीच भांडून पाहिलं. शेजारच्या औरंगाबाद जिल्ह्यात नऊ जागा. सहा औरंगाबाद लोकसभेला दिल्या की सिल्लोड, फुलंब्री, पैठण असे तीन उरतात. सिल्लोड आम्ही घेतला तर फुलंब्री आणि पैठण जाणार कुठे? गोदावरीपल्याड बीडला? तिथे सहाचा गठ्ठा आधीच भरलेला. परभणी जिल्ह्यात जिंतूर, परभणी, गंगाखेड, पाथरी या चार जागा. त्यांना दोन हव्यात. आम्ही परतूर-घनसावंगी दिले नाहीत तर त्या दोन हिंगोलीकडून ओढायच्या, आणि हिंगोली लोकसभा आधीच नांदेडच्या किनवट-हदगावला आणि यवतमाळच्या उमरखेडला धरून उभी आहे. माझा हट्ट पुरवायचा तर थेट उमरखेडपर्यंतचं सगळं हलवावं लागलं असतं. उलट औरंगाबादचे नऊ, जालन्याचे पाच, परभणीचे चार, एकूण अठरा. अठरा भागिले सहा, तीन खासदार, बाकी शून्य. ज्या रचनेला मी राजकारण्यांचा डाव म्हणत होतो ती चौथीतल्या पोरानं सोडवावी अशी निघाली. डाव कुठेच नसतात असं मी म्हणत नाही. पण माझ्या बातम्यांतला डाव मी स्वतःच रचला होता.

हा प्रकार एकट्या आमच्याच वाट्याला आला असंही नाही. बुलढाणा जिल्ह्यातला मलकापूर लोकसभेला जळगावच्या रावेरबरोबर मत देतो. धाडच्या व्याह्यांना मी कधी त्याबद्दल कपाळावर हात मारताना पाहिलं नाही. आणि परतूरचं म्हणाल तर तो तालुका १९८१ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होता. तो परभणीला ‘तोडून’ दिला म्हणणं म्हणजे माहेरी गेलेल्या बाईला पळवून नेल्याची फिर्याद देण्यासारखं होतं.

२००२ चा परिसीमन कायदा मी अलीकडेच नीट वाचला. त्यात प्रशासकीय हद्दींचा विचार करायला सांगितलं आहे, पण तो एकटा नाही. प्रदेश सलग असावा, नैसर्गिक रचना, दळणवळण, लोकांची सोय, हे सगळं त्याच ओळीत आहे. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगानं मसुदे प्रसिद्ध केले होते, हरकती मागवल्या होत्या, जाहीर बैठका घेतल्या होत्या. मी तेव्हा वर्तमानपत्रात भरपूर लिहिलं. आयोगाकडे हरकतीचा एक कागदही पाठवला नाही. बातमीत नाव छापून येतं, हरकतीत येत नाही.

एका गोष्टीवर मात्र मी मत बदललेलं नाही, उलट ते आता जास्त पक्कं आहे, आणि तीही अंबडचीच. १९५७ ला अंबडनं लोकसभेतलं नाव गमावलं त्याची मला आता खंत नाही. २००८ ला अंबड विधानसभा मतदारसंघही गेला. तालुक्यातली काही गावं बदनापूर मतदारसंघात, काही घनसावंगीत. बदनापूर जालना लोकसभेत, घनसावंगी परभणीत. म्हणजे एकाच तहसील कचेरीसमोर एकाच अनुदानासाठी रांगेत उभे असलेले दोन शेतकरी दोन वेगळ्या आमदारांचे आणि दोन वेगळ्या खासदारांचे. पंचायत समिती एक, तहसीलदार एक, पिकाची नुकसानभरपाई त्याच महसूल मंडळांच्या हिशोबानं, आणि तक्रार करायची वेळ आली की एक जालन्याकडे पाहतो, दुसरा परभणीकडे. जिल्हा फार मोठा असतो, सामान्य माणसाचं त्याच्याशी वर्षातून एखाद्या वेळी काम पडतं. तालुक्याशी रोज पडतं. कुठे कात्री लावायचीच असेल तर ती तालुक्याच्या हद्दीवर लावावी, तालुक्याच्या पोटातून फिरवू नये, इतकंच माझं आता म्हणणं उरलं आहे. इतकी वर्षं मोठ्या घोषणेच्या नादात हे लहान, पण ज्यावर खरोखर हरकत घेता आली असती ते, मी सोडून दिलं.

लोकसभेच्या जागांची राज्यवार संख्या घटनादुरुस्तीनं २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे. जनगणना २०२७ ची ठरली आहे. महिलांच्या राखीव जागांचा २०२३ चा कायदाही पुढच्या परिसीमनालाच बांधलेला आहे. म्हणजे कधी ना कधी पुन्हा नकाशे पसरले जातील, पुन्हा मसुदा येईल, आणि आमच्या पारावर पुन्हा ‘जिल्ह्याचे तुकडे’ सुरू होईल. या खेपेला मी हरकत लेखी पाठवणार आहे. तिच्यात अंबड तालुका एका आमदाराकडे ठेवावा एवढी एकच मागणी असेल. मावसभावाला कच्चा मजकूर वाचून दाखवला. ‘‘अन् अख्खा तालुका परभणीतच टाकला तर?’’ त्यानं मुद्दाम विचारलं. मी म्हणालो, ‘‘टाकू दे.’’ भोकरदनमधल्या जुन्या सोबत्यांना हे वाचून राग येईल हे मला माहीत आहे. त्यांनी आधी परभणीचे चार आणि आमचे पाच यांची बेरीज करून यावं, मग आपण बोलू.